जागल्याच्याच घरात चोर : मॅक्रोफेज आणि कुष्ठरोग

अमरावतीचं तपोवन अकोल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी ते उभं केलं. तेव्हा अशा रुग्णाला घर नाही, गाव नाही, अशी गत होती. पण हा रोग शरीरात नेमका कुठे लपतो? ते आज आपण पाहू.

शेतात रात्री जागल असते ना, तशी आपल्या शरीरातही असते. त्या जागल्याचं नाव मॅक्रोफेज, म्हणजे मोठी भक्षक पेशी. त्वचा, फुफ्फुस, यकृत, सगळीकडे तिचा पहारा. जंतू दिसला की ती त्याला गिळते आणि आतल्या एका पिशवीत कोंडते. मग पाचक रसांची दुसरी पिशवी येऊन तिला जुळते आणि जंतू विरघळतो. पेशी जंतूंना गिळून आपलं रक्षण करतात, हे मेचनिकॉफ यांनी ओळखलं. त्याबद्दल १९०८ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं.

आता कुष्ठरोगाचा जंतू पाहा. हॅन्सेन यांनी तो १८७३ मध्ये शोधला. मॅक्रोफेज त्यालाही गिळते, पण तो त्या दोन पिशव्या जुळूच देत नाही. म्हणजे चोर जागल्याच्याच घरात राहतो! एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात. म्हणून लक्षणं दिसायला कित्येक वर्षं जातात.

मग उपाय? टी-पेशी. त्या गॅमा इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडतात, तेव्हा मॅक्रोफेजला जोर चढतो आणि आतला जंतू मरतो. बहुतेकांच्या शरीरात ही साखळी नीट चालते, म्हणून जंतू शिरला तरी रोग होत नाही. ती कमकुवत असली, की मॅक्रोफेज जंतूंनी गच्च भरतात. हा जंतू नसांच्या आवरणातही शिरतो, म्हणून चट्ट्याची जागा बधिर होते.

म्हणजे हा रोग ना पापाचं फळ, ना कुणाचा शाप. सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात. सहा किंवा बारा महिने घ्यायची. उशीर झाला तर जंतू मरतो, पण गेलेली नस बहुधा परत येत नाही. तेव्हा अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका, लगेच दाखवा. चोराला लपायला आपण आणखी एक घर कशाला द्यायचं?