राऊटर घेताना आतली चिप पाहा

बंगळुरूच्या एस. पी. रोडवर राऊटरच्या खोक्यांवर मेगाबिटचे आकडे ठळक असतात. ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर टाकायचं असेल, तर ते आकडे बाजूला ठेवा. आतली चिप महत्त्वाची. टीपी-लिंक आर्चर सी६च्या दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप आहे, तिसरीत मीडियाटेकची. नाव एकच, पण एकीचं फर्मवेअर दुसरीला चालत नाही. म्हणून राऊटरच्या तळाचं लेबल वाचूनच पैसे द्या. ब्रॉडकॉमची वायफाय चिप मी तरी टाळेन, कारण तिच्यासाठी मुक्त ड्रायव्हर अपुरे आहेत.

आता वेग. कंपनीच्या फर्मवेअरमध्ये पॅकेट पुढे पाठवण्याचं काम बहुधा चिपमधला खास भाग करतो आणि प्रोसेसर मोकळा राहतो. पण घरात कुणी मोठी फाइल चढवत असताना दुसऱ्याची ऑफिसची मीटिंग अडखळू नये म्हणून ‘केक’ ही रांग लावणारी सोय सुरू केली, की प्रत्येक पॅकेट प्रोसेसरलाच हाताळावं लागतं. गिगाबिट जोडणीवर जुना एककोरी प्रोसेसर तिथे दमतो.

रॅम किमान १२८ मेगाबाइट हवी. ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाने २०२४मध्ये आणलेल्या स्वतःच्या ‘वन’ राऊटरमध्ये फिलॉजिक ८२० चिप आणि १ गिगाबाइट रॅम आहे.