मतदारयादीतील नाव

रायपूर शहर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते. रायपूरचे वकील पंडित रविशंकर शुक्ल या प्रांताचे मुख्यमंत्री होते व संविधान सभेचे सदस्यही होते. स्वातंत्र्यापूर्वी मात्र तेथील कायदेमंडळ निवडण्याचा अधिकार थोड्यांनाच होता. १९३५ च्या कायद्यानुसार मत हे मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांवर अवलंबून असे. त्यामुळे हमाल, शेतमजूर, मोलकरीण यांची नावे यादीत क्वचितच येत.

संविधान सभेने ही अट काढून टाकली. २१ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास मत मिळाले. (पुढे १९८९ मध्ये ही मर्यादा १८ वर्षांवर आली.) बहुसंख्य जनता निरक्षर असताना असे करणे धोक्याचे आहे, अशी शंका अनेकांना वाटत होती. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी सभेचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी आपल्या भाषणात तिला उत्तर दिले. खेड्यातील माणसास लिहिता-वाचता येत नसले, तरी त्यास व्यवहारज्ञान आहे. नीट समजावून दिल्यास तो स्वतःचे आणि देशाचे हित जाणतो, असे त्यांनी सांगितले. त्यांना खंत वाटत होती ती निराळीच. कायदा राबविणाऱ्यांकडून आपण उच्च पात्रतेची अपेक्षा करतो, मग कायदा करणाऱ्यांसाठी काहीच पात्रता का नसावी? मतदाराविषयी अविश्वास नाही, प्रतिनिधीविषयी मात्र काळजी, हा या भाषणाचा विशेष होय.

परंतु अधिकार मिळाला, तरी यादीत नाव नसेल तर त्याचा उपयोग काय? हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याच वर्षी १५ जून रोजी सभेपुढे मांडला होता. काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने वा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांना यादीतून वगळले जात असल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. परप्रांतात स्थायिक झालेल्या कोणत्याही कुटुंबास या धोक्याचे गांभीर्य सहज उमगेल. स्थानिक सरकारचा पूर्वग्रह किंवा एखाद्या अधिकाऱ्याची लहर यांमुळे कोणाचे मत जाऊ नये, म्हणून प्रांतोप्रांतीच्या वेगवेगळ्या आयोगांऐवजी साऱ्या देशासाठी एकच निवडणूक आयोग असावा, असे त्यांनी सुचविले. सभेने ते मान्य केले. आजचे अनुच्छेद ३२४ ते हेच.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. सुमारे १७ कोटी मतदार होते. निरक्षरांच्या सोयीसाठी प्रत्येक उमेदवाराची पेटी स्वतंत्र ठेवली होती व तिच्यावर त्याचे चिन्ह होते. मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकली की मतदान होई. नावाची अडचण मात्र राहिलीच. उत्तर व मध्य भारतात पुष्कळ स्त्रियांनी परक्यास स्वतःचे नाव सांगण्याऐवजी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले. आयोगाने अशा नोंदी स्वीकारल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रिया त्या वेळी मतदानास मुकल्या.