अठरा वर्षे नेमकी केव्हा पूर्ण होतात?

बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. तो अधिकार जिवतीच्या डोंगरावरील आपल्या लेकरांच्या हाती कोणत्या दिवशी येईल, हे आम्ही दाखलखारीज नोंदवहीवरून एक्सेलमध्ये काढतो.

जन्मतारीख बी२ या चौकटीत असल्यास शेजारी, इंग्रजी अक्षरांत, =ईडेट(बी२,२१६) हे सूत्र लिहावे; २१६ म्हणजे अठरा वर्षांचे महिने. उत्तर ४६२९८ असे दिसल्यास गोंधळू नये. संगणक १ जानेवारी १९०० पासून दिवस मोजत असतो. चौकटीचे स्वरूप ‘डेट’ केले की ३ ऑक्टोबर २०२६ उमटते.

काही जण थेट ६५७० दिवस मिळवतात. ३ ऑक्टोबर २००८ चा जन्म असलेल्या मुलीबाबत त्यात मधले चार लीप दिवस सुटतात व २९ सप्टेंबर येते. मग ती १ ऑक्टोबर २०२६ या अर्हता दिनांकास पात्र भासते. प्रत्यक्षात १ जानेवारी २०२७ लाच ठरते. (२०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबरच्या १ तारखा अर्हता दिनांक आहेत.)

संगणकाची मांडणी अमेरिकी असल्यास ०१/०६ चे ६ जानेवारी होते; आणि गुरुजींनी बहाल केलेले १ जूनचे जन्मदिवस आपल्याकडे किती, हे पालक जाणतातच! नाव नोंदणीचा नमुना ६ सतरा वर्षे पूर्ण होताच आगाऊ भरता येतो. त्या तारखेसाठी २१६ ऐवजी २०४ घालावे.