केवडा कोणाच्या कुळातला?

फळछाटणी उरकली, डोळे फुटले आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस लांबला, की तासगाव, मिरज, पलूसच्या द्राक्षबागायतदाराची झोप उडते. पानावर तेलकट पिवळे डाग, पान उलटलं की खाली पांढरी लव. हा डाऊनी, म्हणजेच केवडा. तो घडात शिरला की वर्षाची कमाई गेली. वर साताऱ्याकडे सरीत पाणी तुंबलं की आल्याचा गड्डा मऊ पडून सडतो. ती कंदकुज. एक रोग पानावरचा, दुसरा मातीतला, पण कूळ एकच. आणि ते कूळ बुरशीचं नाही.

दुकानात दोन्हींना बुरशीच म्हणतात. त्यात दुकानदाराचा दोष नाही, शास्त्रज्ञही दीर्घकाळ तेच म्हणत होते. धाग्यांसारखी वाढ, बीजाणू, हरितद्रव्याचा अभाव, सगळं बुरशीसारखंच. द्राक्षाच्या केवड्याला प्लाझ्मोपारा व्हिटिकोला हे आजचं नाव १८८८ साली मिळालं, ते असं रूप बघूनच. पुढे पेशी तपासली तेव्हा भिंतीत कायटिनऐवजी सेल्युलोज निघालं. जनुकांची तुलना झाली आणि उरलासुरला संशय फिटला.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो शेपटीचा पुरावा. पान ओलं झालं की केवड्याच्या बीजाणुधानीतून एकपेशीय चलबीजाणू बाहेर पडतात. प्रत्येकाला दोन शेपट्या असतात, एक गुळगुळीत, दुसरी केसाळ. पाण्याच्या त्या पातळ थरात पोहत ते पर्णरंध्र गाठतात, शेपट्या टाकतात आणि आत नळी घालतात. कंदकुजीचा पिथियमही असाच पोहत मुळाशी येतो. खऱ्या बुरशा बहुतेक पोहतच नाहीत. ज्या पोहतात त्यांची शेपटी गुळगुळीत असते. केसाळ शेपटी ही स्ट्रॅमिनोपाइल गटाची खूण. डेव्हिड पॅटरसन यांनी हे नाव १९८९मध्ये दिलं. समुद्रातलं तपकिरी शेवाळ याच गटातलं, आणि डायटमही. वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या घाटांवर दगडांना जो तपकिरी बुळबुळीत थर धरतो, त्यात सिलिकाच्या कवचातले हे एकपेशीय डायटम खच्चून भरलेले असतात. सूर्यप्रकाशावर जगणारे, कोणाचं काही न बिघडवणारे हे जीव केवड्याचे भाऊबंद आहेत. द्राक्षावरचाच दुसरा रोग, भुरी, ही मात्र खरी बुरशी, केवड्याशी तिचं दूरचंच नातं.

फवारणीत हा फरक रोकडा मोजावा लागतो. भुरीवरची ट्रायझोल औषधं बुरशीला एर्गोस्टेरॉल बनवू देत नाहीत. केवडा ते बनवतच नाही, मग औषध अडवणार काय? कार्बेन्डाझिमही केवड्यावर चालत नाही. उलट मेटॅलॅक्झिल केवड्यावर आणि कंदकुजीवर चालतं, भुरीवर नाही. तरीही डब्यांवर या सगळ्यांना ‘बुरशीनाशक’च म्हटलेलं असतं. औषध कोणत्या कुळावर चालतं हे त्यावर मराठीत ठळक छापायलाच हवं.

मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण या भेदापलीकडचं. तांबं कोणत्याही कुळातला बीजाणू स्पर्शानेच मारतं, म्हणून १८८५पासून ते टिकून आहे. मेटॅलॅक्झिल पेशीत एकाच जागी घाव घालतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच युरोपातला केवडा त्याला दाद देईनासा झाला. म्हणूनच ते अनेक जागी घाव घालणाऱ्या मँकोझेबसोबत मिसळून येतं.