सहा ठिपक्यांचा भुंगेरा

भुंगेरा म्हटलं की आपल्याला हुमणीचा भुंगेरा आठवतो. वळवाचा पाऊस झाला की तो रात्री कडुनिंबावर, बाभळीवर बसून पाला खातो. पण सगळेच भुंगेरे पाला खात नाहीत. काही शिकारी असतात. असा एक यंदा मृगात आम्हाला धुऱ्यावर सापडला.

तो काळाभोर असतो. लांबी दीड इंचाच्या आसपास. अंगावर सहा पांढरे ठिपके, मानेमागच्या भागावर दोन आणि पाठीवर चार. फॅब्रिशियस या शास्त्रज्ञाने १७७५ साली त्याची पहिली नोंद केली. शास्त्रीय भाषेत त्याच्या जातकुळीला अँथिया म्हणतात. त्याला उडता येत नाही, पण पळतो लई जोरात!

माझ्या मावसभावाने त्याला चिमटीत धरून तोंडाजवळ नेला. तेवढ्यात भुंगेऱ्याने शेपटाकडून पिचकारी मारली. भाऊ डोळा धरून खालीच बसला. आजोबा ओरडले, "आरं, चोळू नगं!" त्यांनी घागरीतल्या पाण्याने डोळा बराच वेळ धुतला आणि मग त्याला दवाखान्यात नेलं. डोळा वाचला, पण दोन दिवस लाल होता. त्या पिचकारीत फॉर्मिक आम्ल असतं. काही मुंग्यांच्या अंगातही हेच आम्ल असतं. पालकांनीही हे ध्यानात ठेवावं.

या भुंगेऱ्याचे भाऊबंद आफ्रिकेतही आहेत. तिथल्या कलहारी वाळवंटात एका सरड्याची पिल्लं काळी-पांढरी असतात आणि पाठ वाकवून भुंगेऱ्यासारखी चालतात. पिचकारीच्या भीतीने शत्रू त्यांच्या वाटेला जात नाहीत. मोठी झाली की ती मातकट रंगाची होतात आणि साधी चालायला लागतात! दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७७ साली हे छापलं. आफ्रिकेत मँटिकोरा नावाचा आणखी एक मोठा शिकारी भुंगेरा आहे. त्याचे जबडे पकडीसारखे असतात. परदेशात काही लोक असे भुंगेरे काचेच्या पेटीत हौसेने पाळतात.

आम्हीही आमचा भुंगेरा बरणीत ठेवला. हाताने नाही, पोस्टकार्डावर चढवून आत सोडला. खाली चार बोटं माती, एका कोपऱ्यात थोडी ओल, लपायला खापराचा तुकडा. झाकणाला भोकं पाडली. झाकण उघडताना तोंड लांब ठेवायचं, हा नियम भावानेच केला. दिवसा तो खापराखाली बसायचा. सांजच्याला रातकिडा टाकला की झडप घालायचा. तो घास गिळत नाही. जबड्याने चिरडतो, त्यावर तोंडातला रस सोडतो आणि पातळ झालेलं शोषून घेतो. पाय, पंख तेवढे उरतात. एकदा तुरीवरची अळी टाकली, तीही संपवली. ते पाहून आजोबा म्हणाले, "ह्यो तर आपल्या कामाचा गडी हाय. बरणीत कशाला कोंडला?"

आठव्या दिवशी आम्ही त्याला त्याच धुऱ्यावर सोडला. भाऊ मात्र दहा हात लांब उभा होता.