वस्तीची मांडणी आणि हवेची शुद्धता

शहराची हवा बिघडली की आपण मोटारींना व कारखान्यांना दोष देतो. परंतु घरे कोठे, कारखाने कोठे व शाळा कोठे हे ज्या दिवशी नकाशावर ठरते, त्याच दिवशी पुढील धुराचे पुष्कळसे माप ठरून जाते. ही गोष्ट पाचवीच्या मुलांनाही समजावून देता येईल.

जुने नाशिक पाहावे. गोदावरीकाठी वाडे, खाली दुकाने, जवळच बाजार. दिवसाची बहुतेक कामे पायी उरकत. रेल्वे स्टेशन मात्र सुमारे 9 किलोमीटर दूर, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथवर ट्राम सुरू झाली. (ती आरंभी घोडे ओढीत, हे मुलांस अवश्य सांगावे; मौज वाटते.) पुढे सातपूर व अंबड येथे औद्योगिक वसाहती झाल्या, 1982 साली महानगरपालिका स्थापन झाली, भोवतालच्या मळ्यांत इमारती उभ्या राहिल्या आणि घर व काम यांत अंतर पडत गेले.

हे अंतर गणिताने दाखवावे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. पाऊण किलो वजनाच्या पेट्रोलातून इतका वायू कसा, असे एखादे हुशार मूल विचारील. पेट्रोलातील कार्बनाशी हवेतील ऑक्सिजनचा संयोग होतो, म्हणून वजन वाढते. आता कामाची जागा 10 किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन 20 किलोमीटर होतात. लिटरला 46 किलोमीटर जाणारी स्कूटर त्यात 1 किलो वायू सोडते. 300 दिवसांत 3 क्विंटल! तीच जागा 2 किलोमीटरवर असती, तर 60 किलो. आणि सायकलीने गेल्यास काहीच नाही.

तथापि सर्व काही जवळ आणले म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. सिडकोने वसविलेले नवीन नाशिक अंबडला लागून आहे. कामगारांची पायपीट वाचली, पण कारखाने घरांच्या शेजारी आले. कार्बन डायऑक्साइड साऱ्या पृथ्वीला तापवितो. धूर व धूळ मात्र प्रथम शेजाऱ्याच्याच छातीत जातात, आणि हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतच्या थंड हवेत कोंडून राहतात. म्हणून मध्ये झाडांचा रुंद पट्टा राखावा लागतो. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात नाशिकचा समावेश आहे, तो उगाच नव्हे.

हा प्रश्न केवळ शहराचा नाही. एका गावी शाळेसाठी हमरस्त्यालगत, गावापासून दोन किलोमीटरवर, जागा विनामूल्य मिळाली. स्थळपाहणीस मीही होतो. जागा मिळाल्याच्या आनंदात अंतराचा विचार कोणी केला नाही. मीही केला नाही. पायी येणारी मुले रिक्षांत कोंबून येऊ लागली, आणि ज्यांस भाडे परवडेना त्यांच्या मुली घरी राहिल्या.

परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांकडून गावाचा नकाशा काढवून घ्यावा. घर, शाळा, विहीर, बाजार, दवाखाना यांतील अंतरे त्यांनी पावलांनी मोजून लिहावीत. ग्रामसभेत नव्या इमारतीच्या जागेचा विषय निघेल, तेव्हा तो नकाशा बरोबर न्यावा.