विश्लेषण : शिडाच्या बोटीतून कुत्र्यासह सागरसफर… किनारा दिसला तरी उतरता का येत नाही?

शिडाच्या बोटीतून महिनोनमहिने भटकणारे जोडपे आणि डेकवर सावलीत पहुडलेला त्यांचा कुत्रा, अशा चित्रफिती समाजमाध्यमांवर आवडीने पाहिल्या जातात. मात्र समुद्र ओलांडताना कुत्र्याला पाणी किती लागते, तो पाण्यात पडला तर काय आणि पलीकडच्या देशात त्याला उतरू देतात का, हे प्रश्न त्या चित्रफितीत क्वचितच येतात.

टिम शॅडॉक आणि बेला यांचे काय झाले?

सिडनीचे टिम शॅडॉक २०२३ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतील ला पाझ येथून फ्रेंच पॉलिनेशियाकडे निघाले. अंतर सुमारे सहा हजार किलोमीटर. ‘अलोहा टोआ’ या कॅटामरान बोटीवर ते आणि त्यांची कुत्री बेला, असे दोघेच होते. काही आठवड्यांत वादळाने बोटीवरील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा निकामी केली. त्यानंतर कच्चे मासे आणि पावसाचे पाणी यांवर दोघांनी तग धरला. जुलैमध्ये ट्यूना पकडणाऱ्या मेक्सिकन जहाजाच्या हेलिकॉप्टरला ही बोट दिसली आणि १८ जुलै रोजी दोघे मान्सानियो बंदरात सुखरूप पोहोचले. बेला मूळची मेक्सिकोतलीच भटकी. तिच्यासाठी घर शोधण्याचा आपण तीनदा प्रयत्न केला, पण ती मागे मागे येतच राहिली, असे शॅडॉक यांनी नंतर सांगितले. मात्र ती त्यांच्यासोबत ऑस्ट्रेलियाला गेली नाही. सुटका करणाऱ्या जहाजावरील एका कर्मचाऱ्याकडे तिला सोपवून शॅडॉक मायदेशी परतले.

पाण्याचे गणित कसे मांडतात?

कुत्र्याला दिवसाला प्रतिकिलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला रोज एक ते सव्वा लिटर. उकाड्यात ही गरज वाढते. मध्यम आकाराची शिडाची बोट ताशी पाच सागरी मैल वेगाने दिवसाला १००-१२० सागरी मैल कापते. त्या हिशेबाने ला पाझ ते फ्रेंच पॉलिनेशिया हा प्रवास महिन्याभराचा. त्यासाठी एकट्या कुत्र्याचे किमान ३० ते ३६ लिटर पाणी झाले. शॅडॉक यांच्याप्रमाणे प्रवास दोन महिन्यांहून लांबला तर हाच आकडा ७० लिटरच्या पुढे जातो. अनेक बोटींवर समुद्राचे पाणी गोडे करणारे संयंत्र असते, पण ते विजेवर चालते. बॅटरी गेली की पाणीही गेले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तहानलेला कुत्रा ते प्यायला तर रक्तातील सोडियम वाढून उलट्या, झटके आणि मृत्यूही ओढवू शकतो.

समुद्रात सर्वात मोठा धोका कोणता?

पाण्यात पडण्याचा. ताशी पाच सागरी मैल म्हणजे सेकंदाला सुमारे अडीच मीटर. कुत्रा पडल्याचे एका मिनिटाने लक्षात आले तर बोट दीडशे मीटर पुढे गेलेली असते. शिडे आवरून ती वळवायला आणखी वेळ जातो. तोवर लाटांमध्ये कुत्र्याचे डोके दिसणे जवळजवळ अशक्य होते, रात्री तर आशाच सोडावी लागते. म्हणून अनुभवी मंडळी कठड्याच्या तारांना चौफेर जाळी बांधतात आणि डेकवर कुत्र्याला पट्ट्याने अडकवून ठेवतात. पाठीवर मूठ असलेले लाइफ जॅकेट घालतात, कारण ओल्या कुत्र्याला वर ओढायला हाताला काहीतरी धरता यावे लागते.

शी-शू, उकाडा आणि आजारपणाचे काय?

घरात घाण न करण्याची सवय लागलेला कुत्रा बोटीलाही घरच समजतो आणि तासन्‌तास अडवून धरतो. त्यासाठी कृत्रिम हिरवळीचा तुकडा पुढच्या डेकवर ठेवून, बोट बंदरात असतानाच सवय लावावी लागते. तुकड्याला दोरी बांधली की तो समुद्रात बुडवून धुता येतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. त्यामुळे तापलेले डेक आणि बंद केबिन दोन्ही घातक ठरतात. बोटही लागते, त्यावर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध देता येते. मात्र बोटीवरच्या औषधपेटीतील आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल कुत्र्यासाठी विषारी ठरू शकते. जवळचा पशुवैद्य हजारो किलोमीटरवर असताना ही चूक महागात पडते.

किनाऱ्यावर उतरण्यास मनाई का?

कॅप्टन कुकचे ‘एंडेव्हर’ १७६८ मध्ये इंग्लंडहून निघाले, तेव्हा त्यावर निसर्ग अभ्यासक जोसेफ बँक्स यांचे दोन ग्रेहाउंड कुत्रे होते. ते ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मोकळे फिरले. आज हे शक्य नाही, आणि त्याचे मुख्य कारण रेबीज. लक्षणे दिसल्यावर हा आजार जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो आणि संसर्गानंतर लक्षणे दिसायला आठवडे ते महिने लागू शकतात. तोवर कुत्रा धडधाकटच वाटतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हवाई आणि फ्रेंच पॉलिनेशिया येथे कुत्र्यांमधील रेबीज नाही आणि तो येऊ न देण्याबाबत हे प्रदेश कठोर आहेत.

ऑस्ट्रेलियात बहुतेक देशांतून येणारे कुत्रे केवळ विमानाने मेलबर्नला आणता येतात. तेथील विलगीकरण केंद्रात त्यांना किमान १० दिवस, आणि ओळख पडताळणी आधी झालेली नसल्यास किमान ३० दिवस ठेवले जाते. बोटीतून आलेल्या कुत्र्याला बोटीवरच बंदिस्त राहावे लागते. हवाईत कागदपत्रे आणि रक्तचाचणी पूर्ण असेल तर पाच दिवस किंवा त्याहून कमी, अन्यथा १२० दिवसांपर्यंत विलगीकरण होते. ब्रिटनमध्ये आयर्लंडसारखे मोजके अपवाद वगळता खासगी बोटीतून कुत्रा आणताच येत नाही. २०१५ मध्ये अभिनेता जॉनी डेप यांचे दोन कुत्रे खासगी विमानाने परवानगीविना ऑस्ट्रेलियात आले, तेव्हा त्यांना परत पाठवा, अन्यथा दयामरण द्यावे लागेल, असे सरकारने बजावले होते.

भारतातून निघणाऱ्यांसाठी नियम काय?

भारतात रेबीज असल्याने अटी अधिक कडक आहेत. युरोपीय महासंघ आणि ब्रिटनसाठी आधी मायक्रोचिप, नंतर रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्तचाचणी आणि तेथून पुढे तीन महिने प्रतीक्षा, असा क्रम आहे. रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण प्रतिमिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईहून कुत्र्यासह युरोपात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनाही हाच क्रम पाळावा लागतो. चिपआधी लस दिली तर ती ग्राह्य धरली जात नाही आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

संकटात कुत्र्यालाही वाचवणे बंधनकारक आहे का?

आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानुसार समुद्रात संकटात सापडलेल्या व्यक्तीला मदत करणे जहाजांवर बंधनकारक आहे. त्यात प्राण्यांचा उल्लेख नाही. कुत्र्याला सोबत घ्यायचे की नाही, हे कप्तान, हवामान आणि बचावाची पद्धत यांवर ठरते. बेलाचे नशीब चांगले होते. २०१७ मध्ये हवाईहून ताहितीकडे निघालेल्या दोन अमेरिकी महिला आणि त्यांचे दोन कुत्रे सुमारे पाच महिन्यांनी जपानच्या आग्नेयेस सुमारे १४५० किलोमीटरवर सापडले. अमेरिकी नौदलाच्या ‘अ‍ॅशलँड’ या जहाजाने चौघांनाही वाचवले. त्यांच्याकडे वर्षभराचे अन्न होते आणि उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणारे ४०६ मेगाहर्ट्झचे यंत्रही होते. मात्र ते त्यांनी सुरूच केले नसल्याचे अमेरिकी तटरक्षक दलाने नंतर सांगितले. असे यंत्र स्वतःच्या बॅटरीवर चालते, त्यामुळे बोटीची वीज गेली तरी संदेश पोहोचू शकतो.

मग कुत्र्याला नेऊच नये का?

किनाऱ्यालगतच्या छोट्या टप्प्यांच्या सफरीत अनेक कुत्रे मजेत रमतात. प्रश्न महासागर ओलांडण्याचा आहे. त्यासाठी निघण्याच्या किमान सहा महिने आधी ज्या ज्या देशांत थांबायचे त्यांचे नियम तपासणे, वादळात वाट बदलावी लागली तर लागणाऱ्या पर्यायी बंदरांचेही नियम पाहणे आणि कुत्र्याचे पाणी हिशेबाच्या दुप्पट ठेवणे आवश्यक आहे. कुत्रा म्हातारा किंवा आजारी असेल, वा बंदरातल्या बोटीवरही थरथरत असेल, तर त्याला विश्वासू माणसाकडे ठेवून जाणेच योग्य. माणूस धोका पत्करायचा की नाही, हे स्वतः ठरवतो. कुत्रा मात्र केवळ मालक निघाला म्हणून बोटीवर चढतो.